किती देते?

गाडी कुठलीही असो, आपल्याकडे पहिला प्रश्न एकच, "किती देते?" गेल्या महिन्यात बाबांना फोनवर सांगितलं की इलेक्ट्रिक माउंटन बाइक घ्यायचं चाललंय, तर पलीकडून लगेच, "एका चार्जिंगला किती देते?" मी हसलो खरा, पण नंतर लॅपटॉप उघडून माझीच एक्सेल शीट बघितली आणि गप्प झालो. बारा मॉडेलं आणि रकाने चार: किंमत, मोटरचा टॉर्क, बॅटरी, रेंज. म्हणजे मीही इतके दिवस "किती देते"च विचारत होतो, फक्त जरा इंग्रजीतून!

थोडी पार्श्वभूमी. दोन वर्षांपूर्वी कामासाठी श्टुटगार्टला आलो. हे गाव वाटीत वसल्यासारखं आहे, चहूबाजूंनी टेकड्या. मारिएनप्लाट्झपासून वर डेगरलोखपर्यंत दात्यांच्या रुळावरून चढणारी एक छोटी गाडी आहे, 1884 पासून चालू. तिच्यापुढे सायकलींसाठी खास डबा जोडलेला असतो. पोरं सायकल त्यात टाकून वर जातात आणि जंगलातल्या वुडपेकर ट्रेलवरून खाली येतात. या राज्यात जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे अशा अधिकृत ट्रेलची किंमत भारी.

तर मी शीटमध्ये पहिल्या नंबरवर आलेल्या जातीची एक बाइक शनिवारी भाड्यानं आणली. टॉर्क 85 न्यूटन-मीटर, बॅटरी 750 वॉट-अवर, वजन 24 किलो. चढाला मजा आली राव! त्या गाडीत बसायची गरजच नाही. उतारावर मात्र तिसऱ्याच वळणावर मी घाबरलो आणि नकळत अर्धं पॅडल मारलं. मोटर सगळ्यात वरच्या मोडवर. तिनं इमानदारीत ढकललं, आणि मी झुडपात. मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये, कोड एका हातानं टाइप. चूक माझीच. मी चुकीचा इनपुट दिला, तिनं बरोबर आउटपुट दिलं.

पण त्या तीन आठवड्यांत विचार करायला भरपूर वेळ मिळाला. कंपनीमार्फत 36 महिन्यांच्या लीजवर सही करायची होती. तीन वर्षं पगारातून पैसे कापले जाणार. कशासाठी? ऑफिसला जायला ट्राम आहे. मला हवी होती ती गंमत, जी साताऱ्यात तासाला दोन रुपये भाड्याच्या सायकलवर यायची. ब्रेक अर्धवट, घंटी सोडून सगळं वाजायचं, पण मनात वळायचं आलं की सायकल वळलेली असायची. हा रकाना माझ्या शीटमध्ये कुठे होता?

तर मुद्द्यावर येतो. माझं मत असं की बाइक चपळ आणि खेळकर वाटते ती ताकदीमुळे नाही. ती तीन गोष्टींमुळे वाटते: वजन कुठे आहे, मागचं चाक किती जवळ आहे, आणि मोटर तुमचं ऐकते किती.

आधी वजन. मी 64 किलोचा. 24 किलोची बाइक म्हणजे माझ्या एक तृतीयांशाहून जास्त. खडबडीत वाटेवर आपण नुसते बसून नसतो, आपल्या अंगाखाली बाइक कलवत असतो, उचलत असतो. मग कोण कुणाला हलवतंय हा प्रश्न येतोच. पण नुसता आकडाही फसवा आहे. कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून बघा. जमणार नाही. तेच वजन छातीशी धरलं तर जमतं. बाइकचंही तसंच. मोटर पॅडलपाशी खाली असते हे चांगलं, पण मोठी बॅटरी फ्रेमच्या तिरक्या नळीतून पार हँडलपर्यंत लांबते आणि तिथे कावड तयार होते. बॉशची 750 वॉट-अवरची बॅटरी एकटीच चार किलोच्या वर जाते. याउलट टीक्यूची एचपीआर 50 मोटर 1.85 किलोची आणि तिची 360 वॉट-अवरची बॅटरी साधारण तेवढ्याच वजनाची. टॉर्क 50 न्यूटन-मीटर. म्हणजे "जास्त देते" असं म्हणताना आपण प्रत्येक वळणावर त्याचा हप्ता भरतो.

दुसरं, मागचं चाक. पॅडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतच्या अंतराला चेनस्टे म्हणतात. पुढचं चाक उचलताना सी-सॉचा टेकू म्हणजे मागच्या चाकाचा आस. तुमचे पाय टेकूच्या जितके जवळ, तितकं पुढचं चाक सहज वर. सुरुवातीच्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकमध्ये मोटरच एवढी जाडजूड की चाकाला मागे सरकावंच लागायचं. 2016 मध्ये शिमानोची आटोपशीर ई8000 मोटर आली आणि हे अंतर कमी करणं सोपं झालं. आज अनेक बाइकवर पुढे 29 इंची आणि मागे 27.5 इंची चाक असतं, म्हणजे उलटा ट्रॅक्टर! लहान चाक फिरवायला हलकं, आणि कंबर मागे नेली तरी टायर लागत नाही. फुकट मात्र काहीच नाही. चेनस्टे फार आखूड केला तर उभ्या चढावर मोटर पुढचं चाक हवेत उचलते.

तिसरं माझ्या धंद्यातलं, सॉफ्टवेअर. पॅडलवरचा जोर सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबानं मोटर मदत करते. पॅडल थांबवल्यावर मोटर किती लवकर थांबते, याला कुठल्याही जाहिरातीत रकाना नाही. काही मोडमध्ये ती मुद्दाम क्षणभर जास्त ढकलते. चढावरच्या दगडावर, जिथे पॅडल मारता येत नाही, तिथे हा आशीर्वाद. अरुंद वळणावर तोच शाप (मनगट साक्षीला आहे). शिवाय युरोपात कायद्यानं 25 किमीच्या वर मदत बंद. मोटरनं हात काढून घेतला की सपाटीवर 24 किलो तुमचे एकट्याचे!

तुम्ही म्हणाल, वजनदार बाइक वाईट का? अजिबात नाही. दगडधोंड्यांच्या सरळ उतारावर ती रेल्वेसारखी जाते, आणि दिवसभर डोंगर चढायचे असतील तर मोठ्या बॅटरीला पर्याय नाही. पण रेल्वेशी खेळता येत नाही. काय हवंय ते आधी ठरवा.

प्लास्टर निघाल्यावर मी 18 किलोची, कमी ताकदीची बाइक भाड्यानं घेतली. चढाला घाम निघाला. डेगरलोखला पोचलो तेव्हा ती दात्यांची गाडी माझ्या आधीच वर उभी. पण उतारावर त्याच तिसऱ्या वळणावर मी वळून बाहेर आलो आणि स्वतःशीच मोठ्यानं हसलो. पुन्हा वर गेलो, पुन्हा आलो. तिसऱ्या फेरीला बॅटरीकडे बघायचं विसरलो होतो.

तुम्हीही घेणार असाल तर सही करायच्या आधी एवढंच करा. रिकाम्या पार्किंगमध्ये इंग्रजी आठचा आकडा काढा. हँडल न ओढता, कंबर मागे नेऊन पुढचं चाक उचलून बघा. आणि जोरात पॅडल मारता मारता एकदम थांबा, मोटर कधी थांबते ते बघा. दहा मिनिटांत जे कळेल ते माझ्या बारा ओळींच्या शीटला दोन महिन्यांत कळलं नाही.

सोमवारी सही करतोय, लहान बॅटरीवालीवर. काल बाबांचा फोन आला, पुन्हा तेच. "किती देते?"

"कमी देते," म्हटलं, "पण ऐकते."

"मग घे," म्हणाले. "तुझ्या आईला विचारून."

असो!