विजेता संघ : निवडीतून की खरेदीतून?

#थ्रेड

१/ अमेरिकन फुटबॉलमध्ये एक समज रूढ आहे. कोवळे खेळाडू निवडून त्यांना घडवणारा संघ खरा, आणि अनुभवी खेळाडू बाहेरून आणणारा संघ पैशाच्या बळावर जिंकणारा. या खेळाच्या व्यावसायिक लीगचा म्हणजे एनएफएलचा इतिहास पाहिला, तर हा भेद टिकत नाही. या दोन वाटांमागचा खरा प्रश्न वेगळाच आहे : खेळाडूवर हक्क कोणाचा?

२/ आयपीएलचा लिलाव आपल्या परिचयाचा आहे. तिथे बोली लागते. एनएफएलच्या ‘ड्राफ्ट’मध्ये बोलीच नसते. आदल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला महाविद्यालयीन खेळाडूंमधून पहिली निवड मिळते आणि मग क्रमाने इतरांना. ज्या संघाने नाव पुकारले, त्याच्याशीच खेळाडूने वाटाघाटी करायच्या.

३/ ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. श्रीमंत संघच चांगले खेळाडू पळवतात, ही दुबळ्या संघाच्या मालकाची तक्रार त्यामागे होती. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये झाला. समतेचा हेतू त्यात होता, हे नाकारता येत नाही. परंतु एका खेळाडूसाठी एकच गिऱ्हाईक उरले की मोबदलाही आवाक्यात राहतो; ही सोय सगळ्याच मालकांची होती.

४/ त्या ड्राफ्टमधील पहिले नाव होते जे बर्वँगर. ईगल्सने त्याचा हक्क शिकागो बेअर्सकडे सोपवला. मोबदल्यावर एकमत झाले नाही आणि तो एनएफएलमध्ये कधीच खेळला नाही. जन्मतःच या पद्धतीला मिळालेला हा नकार पुरेसा बोलका आहे.

५/ ‘निवडीतून घडलेला संघ’ म्हटले की पिट्सबर्ग स्टीलर्सचा १९७४ चा ड्राफ्ट आठवतो. लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर हे चौघेही पहिल्या पाच फेऱ्यांत मिळाले आणि चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत संघाने चार सुपर बोल जिंकले.

६/ या यशामागे बिल नन यांची नजर होती. ते ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे माजी क्रीडा संपादक. इतरांनी दुर्लक्षिलेल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील गुणवत्ता ते जाणत होते. स्टॉलवर्थ तिथलाच. डॉनी शेल तर ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला. तोही याच वर्षी स्टीलर्सकडे आला आणि तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला.

७/ मात्र हा संघ इतकी वर्षे एकत्र राहिला, त्याचे श्रेय केवळ पारखीला नाही. करार संपलेला खेळाडू दुसरीकडे गेला, तर नव्या संघाने भरपाई द्यावी, असा नियम १९६३ पासून होता. १९७६ मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. पण पुढच्याच करारात भरपाईची अट नव्या रूपात परतली. दारे बंद असलेल्या घरातील माणसांना आपण ‘निष्ठावंत’ म्हणत होतो.

८/ आणि हा खेळ शरीर झिजवणारा. स्टीलर्सचा तोच वेब्स्टर २००२ मध्ये पन्नाशीत वारला. मेंदूच्या ‘सीटीई’ या आजाराचे निदान झालेला तो एनएफएलचा पहिला खेळाडू. शरीराची उमेदीची वर्षे मोजकीच असतात. ती बांधलेली असतील, तर आयुष्याची कमाईही बांधलेली असते.

९/ दारे उघडली ती कज्जे लढून. सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील व सहकाऱ्यांच्या खटल्यात ज्युरीने मालकांचे निर्बंध बेकायदा ठरवले. रेजी व्हाइटच्या नावाने दाखल झालेल्या दाव्यात तडजोड झाली आणि १९९३ पासून अनुभवी खेळाडूंना खऱ्या अर्थाने संघ निवडता येऊ लागला. त्याची किंमतही चुकवावी लागली : १९९४ मध्ये प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर ३ कोटी ४६ लाख डॉलरची मर्यादा आली.

१०/ खुद्द व्हाइट कुठे गेला? मोठ्या शहरात नव्हे. चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. जेमतेम लाखभर वस्तीचे गाव आणि नागरिकांच्याच मालकीचा संघ! मोकळीक मिळाली की सगळे खेळाडू झगमगाटाकडे धावतील आणि लहान गावे बुडतील, हे भाकीत पहिल्याच वर्षी खोटे ठरले.

११/ जानेवारी १९९७ मध्ये पॅकर्सनी पेट्रियट्सना ३५-२१ ने हरवले. त्या संघात अँटोनियो फ्रीमन आणि लेरॉय बटलर ड्राफ्टमधून आलेले, ब्रेट फार्व्ह अदलाबदलीतून, तर व्हाइट स्वेच्छेने. सामनावीर ठरलेला डेझमंड हॉवर्ड १९९२ च्या ड्राफ्टमधील चौथी निवड. पण वॉशिंग्टनच्या संघात त्याचे नशीब उघडले नव्हते. इथे त्याने चेंडू ९९ यार्ड पळवून निर्णायक गुण मिळवले. मग हा विजय निवडीचा म्हणावा की खरेदीचा?

१२/ ड्राफ्ट वाईट नाही. दुबळ्याला संधी देण्याचा तो मार्ग आहे. वेतनमर्यादा असल्यामुळे कमी पैशांत खेळणारे तरुण संघाला लागतात, आणि त्यांना वळण लावणारे अनुभवी खेळाडूही लागतात. पण ‘घरचा’ आणि ‘विकतचा’ अशी प्रतवारी अन्यायकारक आहे. ड्राफ्टमध्ये संघ खेळाडूला निवडतो. मोकळ्या करारात खेळाडूही संघाला निवडतो. दुसऱ्या निवडीला हिणवण्याआधी ती मिळवण्यासाठी किती वर्षे लढावे लागले, एवढे तरी आठवावे.

(समाप्त)