ती गोळी नेमकं काय करते?

मैत्रिणींनो, मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या आमच्या आसनगावच्या कितीतरी लेकी-सुना सकाळची कामं उरकून मुंबईकडची लोकल गाठतात आणि कल्याण-ठाण्याच्या डॉक्टरांकडे जातात. त्यांतल्या एकीने अलीकडेच आपल्या गोळीचं नाव मोबाइलवर शोधलं. लेट्रोझोल! ते तर स्तनाच्या कॅन्सरचं औषध निघालं. बिचारीने घाबरून गोळ्या कपाटात ठेवून दिल्या.

औषध मुळात त्या आजारासाठीच निघालं, हे खरं. पण त्याचं काम समजून घ्या. ही गोळी शरीरातलं इस्ट्रोजेन थोडे दिवस कमी करते. मग मेंदू अंडाशयाला जास्त जोराने हुकूम सोडतो आणि बीज पिकू लागतं. पीसीओएसमुळे ज्यांची पाळी लांबते, त्यांना तिचा चांगला उपयोग होतो. २०१४ साली अमेरिकेत अशा ७५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या क्लोमिफेनने १९ टक्के, तर लेट्रोझोलने २७.५ टक्के जणींच्या घरी पाळणा हलला. आपल्याकडे २०११ मध्ये वंध्यत्वासाठी या गोळीवर बंदी आली होती. २०१७ मध्ये ती उठली.

म्हणून जावेची उरलेली पट्टी घेऊन टाकायची का? मुळीच नाही हं! दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करूनच ही गोळी सुरू करतात. ती सहसा पाचच दिवस असते. पुढे सोनोग्राफीत बीज किती वाढलं, एक आहे की जास्त, हे पाहावं लागतं. जुळ्यांची शक्यता थोडी वाढते. इंजेक्शनं घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. पोट फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. ही गोळी फक्त बीज तयार करते. नळ्या बंद असतील किंवा दोष यजमानांच्या बाजूला असेल, तर ती काय करणार? मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं. त्यांची वीर्यतपासणी सोपी असते, सुईसुद्धा टोचत नाही. तरी वर्षानुवर्षं औषधं मात्र बाईच्याच पोटात जातात!

तेव्हा पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “माझं बीज तयार होत नाही, हे तपासलंय ना? आणि ह्यांची तपासणी कधी करायची?” सासूबाई काय म्हणतील याची काळजी नको. पुढच्या खेपेला यजमानांनाच बरोबर घेऊन जा.