मामाल आणि मावळ

लोणावळ्याच्या मुलांस कार्ल्याची एकवीरेची चैत्री यात्रा ठाऊक असते. पण त्याच डोंगरांत आपल्या तालुक्याचें नांव कोरलेलें आहे, हें किती जणांस ठाऊक आहे? 'मामाल-आहार' या विभागांतील करजिक गांव वलूरक येथील भिक्षूंस दिल्याचें तेथील सातवाहनकालीन शिलालेख सांगतो. वलूरक म्हणजे हींच लेणीं, आणि मामाल म्हणजे आपलें मावळ!

येथील लेख वाचून १८८३ सालीं प्रसिद्ध करणाऱ्यांत योहान गेओर्ग ब्यूलर हे जर्मन पंडित होते. जन्म १८३७ चा, हॅनोव्हर प्रांतींचा. १८६३ सालीं ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापक झाले. पुढें गुजराथेंत शाळा तपासतां तपासतां त्यांनीं जुन्या पोथ्या धुंडाळल्या. (शाळाखात्याची चाकरी सांभाळून हा उद्योग!) १८९८ सालीं कॉन्स्टन्स सरोवरांत होडी घेऊन गेले, ते परतलेच नाहींत.

नकाशांत डॅन्यूब अचूक दाखविणारा आमचा विद्यार्थी, इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते, हें सांगतांना अडखळतो. दोष त्याचा नव्हे, घोकंपट्टी करून घेणाऱ्या आम्हां शिक्षकांचा आहे. भूगोलाचा एक तरी तास कार्ल्याच्या पायऱ्यांवर व्हावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्या दिवशीं पालकांनीं 'अभ्यास बुडाला' म्हणून चिठ्ठी मात्र पाठवूं नये.