कॅम्पातल्या सुनेच्या नागरिकत्वाचे काय?




"नागरिकत्व द्यायचेच तर डॉक्टर-इंजिनिअरांसारख्या कुशल माणसांना द्या; इथल्या कुणाशी लग्न लावून नागरिक होणे ही पळवाट आहे," असा सूर हल्ली चंद्रपुरात चहाच्या टपरीवरही ऐकू येतो आणि सुशिक्षितांच्या बैठकीतही. हे पत्र त्यालाच उत्तर आहे. भारतीय नागरिकाशी लग्न करून ज्याने इथे संसार मांडला, त्याच्या हातात कसब असो वा नसो, त्याला नागरिकत्वाची वाट उघडी हवी. आपल्या भागात ज्या सुनेला या वाटेची सर्वांत जास्त गरज आहे, तिच्यासाठीच ती बंद आहे.

मुळात ही पळवाट नाही, संसदेने आखलेला रस्ता आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात कसबालाच फारशी जागा नाही. विज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती अशा क्षेत्रांत विशेष सेवा केलेल्यांना केंद्र सरकार अटी माफ करू शकते, पण साध्या नर्सला किंवा वेल्डरला बारा वर्षांच्या वास्तव्यातून सूट नाही. लग्नाचे मात्र स्पष्ट कलम आहे. नागरिकाशी विवाहित व्यक्ती सात वर्षे इथे राहिली की ती नोंदणीसाठी अर्ज करू शकते. सुरुवातीला ही सोय फक्त बायकांना होती. परदेशी जावयाला कायद्याने १९८६ साली विचारात घेतले!

मग अडते कुठे? 'अवैध स्थलांतरित' या शिक्क्यापाशी. तो बसला की नोंदणीचा अर्जच करता येत नाही. मग लग्नाला सात वर्षे झालेली असोत की सत्तावीस.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनेच तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यात वसवले. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. चंद्रपूरचा बंगाली कॅम्प, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतली बंगाली गावे ही त्याच पुनर्वसनातून उभी राहिली. या गावांतला एखादा तरुण शेतकरी घ्या. जन्म इथला, मतदार यादीत नाव. समजा, त्याची बायको २०१६ साली सीमेपलीकडून कागदाविना आली आणि तिकडे ती नर्सिंग शिकलेली आहे. ती हिंदू असली तरी नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीचा तिला उपयोग नाही, कारण ती दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच लागू आहे. २०२५ च्या सवलतीच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या अशा लोकांवरची कारवाई टळली, पण नागरिकत्वाची तारीख जिथल्या तिथे राहिली. म्हणजे तिला घालवणार नाहीत आणि आपलीही म्हणणार नाहीत. नर्सच्या हाताला धानाची रोवणी तेवढी उरते.

याची झळ तिच्या मुलांना जास्त बसते. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेले मूल नागरिक ठरायला त्याचे आई-बाप दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा 'अवैध स्थलांतरित' नसला पाहिजे. बाप अस्सल गडचिरोलीचा असूनही आईपायी मूल नागरिक ठरत नाही. नोकरीच्या काळात मी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर भरत असे. त्यात मुलाचे जन्मठिकाण लिहायचे, आईचे कुणी विचारत नसे. शाळेत ते मूल चार मुलांसारखेच बाकावर बसते. पासपोर्टचा किंवा सरकारी नोकरीचा अर्ज भरताना मात्र त्याला आईचे गाव पुसले जाणार. त्यात २०२५ पासून राज्यात उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांची झाडाझडती सुरू आहे. तेव्हा हा प्रश्न आता फार काळ पिशवीत गुंडाळून ठेवता यायचा नाही.

दुसरीकडे, एखाद्या चंद्रपूरकराच्या मुलीने अमेरिकेत तिथल्याच माणसाशी लग्न केले, तर नोंदवलेल्या लग्नाला दोन वर्षे झाल्यावर त्या जावयाला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. ते नागरिकत्व नव्हे हे खरे, पण त्यावर तो हवा तितका काळ इथे राहू शकतो. बांगलादेशचे किंवा पाकिस्तानचे नागरिकत्व जिच्या आजोबांकडे होते, अशा सुनेला मात्र ते कार्डही नाही. आपली पोरे अमेरिकेत नोकरीच्या रांगेतून ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षे ताटकळतात, कारण तिथे एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. तेव्हा आपण हळहळतो. त्याच देशात नागरिकाशी लग्न केलेल्याला ही मर्यादा नाही आणि ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांत तो नागरिकत्व मागू शकतो. तिथल्या या सोयीला आपल्यापैकी कुणी पळवाट म्हटल्याचे माझ्या तरी कानावर नाही.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो, तो आदिवासी बांधवांचा. निर्वासितांना सरकारने जमिनी दिल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना हक्काच्या कागदासाठी २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ साली. हा सल खरा आहे आणि तो बोलून दाखवणाऱ्यांवर डोळे वटारण्यात अर्थ नाही. पण सुनेच्या नागरिकत्वाने आदिवासीच्या जमिनीला धक्का लागत नाही. ती जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये यासाठी वेगळा कायदा आहे आणि तो नागरिकांनाही लागू आहे. खोट्या लग्नांची भीती घालणाऱ्यांनी तर सात वर्षांची अट पुन्हा वाचावी. ग्रामसभेपासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कुणी सात वर्षे खोटा संसार करत नाही.

म्हणून मागणी अशी की, नागरिकाशी झालेले लग्न नोंदवलेले असेल आणि पोलीस चौकशीत गुन्हा आढळला नसेल, तर सात वर्षांनंतर 'अवैध' हा शिक्का काढून नोंदणीचा अर्ज स्वीकारावा. हे धर्म न पाहता व्हावे. अशा लग्नांतल्या मुलांसाठी २००४ ची अट शिथिल करावी. हे बदल संसदेचे आहेत. आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांनी ते तिथे मांडावेत. पण ज्या सुना रीतसर व्हिसावर आल्या, किंवा ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत येऊन २०१९ च्या दुरुस्तीत बसतात, त्यांच्यासाठी दिल्लीकडे बघत बसायची गरज नाही. जिल्हा प्रशासनाने मुलचेरा आणि चामोर्शीच्या तहसील कार्यालयांत या हंगामातच शिबिरे भरवून त्यांचे अर्ज भरून घ्यावेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
चामोर्शी, जि. गडचिरोली