हिरवा दिवा कोणाच्या चालीने?

चौकातल्या दिव्यांचे नियम तुम्हांला पाठ असतील. तांबडा म्हणजे थांबा. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा असेल तर जा. पिवळ्याचा अर्थ मात्र पुष्कळ मोठी माणसेही "घाई करा" असाच करतात. खरा अर्थ असा, की रेषेच्या आत सुरक्षितपणे थांबता येत असेल तर थांबा. अगदी जवळ आल्यामुळे थांबणे शक्य नसेल तरच पुढे जा.

हा पिवळा दिवा किती वेळ ठेवायचा, हे गणिताने ठरते. ताशी ३६ किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला १० मीटर जाते. दिवा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत १ सेकंद धरा. तेवढ्यात १० मीटर संपले. पुढे बेताने ब्रेक दाबला आणि मोटारीचा वेग दर सेकंदाला ३ मीटरने कमी होत गेला, तर थांबेपर्यंत आणखी सुमारे १७ मीटर जातात. एकूण २७ मीटर झाले. ज्याच्यापुढे एवढे अंतर उरलेले नाही, त्याला त्याच वेगाने रेषा गाठायला फार तर २.७ सेकंद लागतील. म्हणून पिवळा दिवा सुमारे ३ सेकंद ठेवतात. वेग दुप्पट केलात तर ब्रेकचे अंतर चौपट होते आणि हे ३ सेकंद अपुरे पडतात. भरधाव हाकणारा नियम मोडतो तो असा, दिवा लागण्यापूर्वीच!

वाहनांसाठी एवढा काटेकोर हिशेब केला जातो. मग पायी चालणाऱ्यांसाठी कोणता?

चालण्याचा वेग साधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. या हिशेबाने १८ मीटर रुंदीचा रस्ता १५ सेकंदांत ओलांडला जातो. तुम्ही तो सहज ओलांडाल. पण तुमच्या आजी काठी टेकीत सेकंदाला ०.८ मीटर चालत असतील, तर १५ सेकंदांत त्या १२ मीटरच जातील. उरलेले ६ मीटर त्यांनी कसे जायचे? माणसाची हिरवी आकृती लुकलुकू लागली की नव्याने रस्त्यावर उतरू नये, हा नियम त्यांनी पाळला होता. त्या वेळेवर निघाल्या, तरी अडकल्या. जो नियम पाळूनही माणूस रस्त्याच्या मधोमध सापडतो, तो नियमच अपुरा आहे, असे मला वाटते.

तुम्ही म्हणाल, आजींसाठी वेळ वाढवला तर वाहने खोळंबतील. किती? १८ मीटरला ०.८ ने भागा. साडेबावीस सेकंद येतात. म्हणजे प्रत्येक फेरीत साडेसात सेकंद अधिक. एका जिवापुढे ही किंमत जास्त आहे का? शिवाय रस्त्याच्या मध्यावर उभे राहण्यापुरता सुरक्षित कट्टा केला, तर तो दोन टप्प्यांत ओलांडता येतो. सिंगापूरमध्ये २००९ सालापासून काही चौकांत वृद्धांनी खांबावर आपले कार्ड टेकवले की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या वाहतूक-नियमावलीत चालण्याचा हिशेबी वेग सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फुटांवर आणला गेला.

लंडनमध्ये पार्लमेंटजवळ १८६८ साली उभारलेला गॅसचा पहिला सिग्नलही पायी जाणाऱ्यांना रस्ता ओलांडता यावा म्हणूनच होता. तो हेतू आज विसरून कसे चालेल?

शिक्षकांना बरोबर घेऊन शाळेजवळच्या चौकात जा. पदपथावरच उभे राहून हिरवी आकृती किती सेकंद दिसते ते मोजा. रस्त्याची रुंदी शिक्षकांच्या मदतीने ठरवा. मग भागाकार करा. उत्तर १.२ पेक्षा जास्त आले, तर तो दिवा तुमच्या आजींसाठी लावलेला नाही. तो आकडा कागदावर मांडून वाहतूक पोलिसांकडे आणि नगरपालिकेकडे पाठवा. नुसत्या तक्रारीपेक्षा मोजलेल्या आकड्याला अधिक वजन असते.