पट्टीवरचा आकडा आणि हातातला लेसर

बोटभर लांबीचा लेसर पॉइंटर आज कोणालाही सहज विकत घेता येतो. त्यावर चिकटवलेली पट्टी बहुधा ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ असे सांगते. ग्राहकाची, पालकांची आणि तपासणी करणाऱ्या यंत्रणेचीही सारी भिस्त या पट्टीवर असते. खरा प्रश्न तेथेच आहे.

तीव्र प्रकाश पडताच पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते. तेवढ्या अवधीत १ मिलिवॅटपर्यंतचा दृश्य लेसर डोळ्याला सहसा इजा करत नाही, या आधारावर सुरक्षेचे वर्ग ठरले आहेत. मात्र लेसरची शक्ती कायमची ठरलेली नसते. आतील छोटे विद्युत मंडळ डायोडला किती प्रवाह पुरवते, त्यावर ती अवलंबून असते. उत्पादकाने निष्काळजीपणे किंवा हौशी व्यक्तीने हेतुपुरस्सर हा प्रवाह वाढवला, तर वस्तूचा धोका बदलतो. पट्टी तीच राहते.

प्रकाश सलग न सोडता स्पंदांत सोडला की तो सौम्य होतो, हा समजही फसवा आहे. सरासरी शक्ती कमी दिसली तरी एकेका स्पंदाची शिखरशक्ती मोठी असू शकते. म्हणूनच ‘आयईसी ६०८२५-१’ हे आंतरराष्ट्रीय मानक केवळ सरासरीवर विसंबत नाही. एकेक स्पंद आणि स्पंदांची मालिका यांचाही स्वतंत्र विचार करते. हिरव्या लेसरमध्ये आणखी एक गोम आहे. त्यांपैकी अनेकांत हिरवा प्रकाश अवरक्त किरणांपासून तयार होतो. स्वस्त उपकरणात ते किरण अडवणारी गाळणी नसेल, तर तेही बाहेर पडतात. ते दिसत नाहीत, म्हणून पापणीही मिटत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने १२२ लेसर पॉइंटर तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लाल रंगाचे ४४ टक्के पॉइंटर तेथील सुरक्षानियमांत बसत नव्हते. त्याच देशात २०२३ मध्ये वैमानिकांनी विमानांवर लेसर रोखल्याच्या १३,३०४ तक्रारी नोंदवल्या. दूरवरून येणारा झोत कॉकपिटच्या काचेवर पसरतो आणि नेमक्या उतरण्याच्या क्षणी वैमानिकाची दृष्टी दिपवतो.

दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या गोव्यासाठी हा दूरचा विषय नव्हे. आपल्याकडे कायदा आहे, पण तो बहुतांशी घटनेनंतर जागा होतो. इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली शिक्षा आहे. कोणालाही इजा झाली नसेल तर ती कमाल तीन महिन्यांची कैद किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ अन्वये दंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात, मात्र त्याची मुदत सामान्यतः दोन महिन्यांपलीकडे जात नाही. खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठीच्या वस्तूंना लागू आहे. ‘सादरीकरणाचे साधन’ म्हणून विकलेला पॉइंटर त्याच्या कक्षेबाहेर राहू शकतो.

विमानांवर लेसर रोखण्याच्या घटनांनंतर ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये १ मिलिवॅटपेक्षा अधिक शक्तीच्या हातातील लेसर पॉइंटरच्या आयातीला परवानगीची अट घातली. ब्रिटनने २०१८ मध्ये वाहनांवर लेसर रोखणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. पहिला उपाय वस्तूला अडवतो, दुसरा हाताला. आपल्याला दोन्हींची गरज आहे, पण आरंभ वस्तूपासून व्हायला हवा. रात्रीच्या अंधारात झोत कोठून आला, हे शोधणे पोलिसांना कठीण जाते. बंदरात उतरलेल्या खोक्यातील चार नमुने शक्तिमापकाखाली धरणे त्यामानाने सोपे आहे.

प्रयोगशाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या जिज्ञासेला येथे विरोध नाही. तेथे संरक्षक चष्मा असतो, मापक असतो आणि जबाबदार शिक्षक असतो. बाजारातून घेतलेल्या पॉइंटरसोबत यांपैकी काहीच येत नाही. येते ती फक्त पट्टी. तिच्यावरचा आकडा खरा आहे की नाही, हे ग्राहकाच्या डोळ्यांनी ठरवायचे नसते. ते काम राज्यव्यवस्थेचे आहे.