मोडेन पण वाकणार नाही, म्हणे!

मराठी माणसाला एक वाक्य फार प्रिय आहे : ‘मोडेन पण वाकणार नाही.’ हे वाक्य मी ट्रकच्या पाठीवर वाचलंय, निवडणुकीच्या फलकावर वाचलंय आणि एका निवृत्त हेडमास्तरांच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत टांगलेलं पाहिलंय. त्यातली काच तेवढी मला पटली. हे वाक्य शब्दशः पाळणारी त्या घरात तीच एक वस्तू होती.

माझा या वाक्याला लेखी आक्षेप आहे. मी कुणी पंडित नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बँकेत कारकून. पण काउंटरच्या आत बसून इतकी वर्षं ताठ माणसं आणि वाकलेली माणसं पाहतो आहे, तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडा हक्क मिळवला आहे असं समजतो.

मूळ घोटाळा भाषेचा आहे. आपण ऊन कडक म्हणतो, चहा कडक म्हणतो, इस्त्री कडक म्हणतो आणि साहेबही कडक म्हणतो. यांतला चहा तेवढा उपयोगाचा. मान ताठ असली की माणूस शिष्ट, कणा ताठ असला की तोच बाणेदार. आता मान म्हणजे काय? कण्याचाच वरचा मजला, सात मणक्यांचा! खालच्या मजल्यावर सद्गुण राहतो आणि वरच्या मजल्यावर दुर्गुण, असा हा भाडेकरूंचा चमत्कार. आणि एखाद्या सकाळी कंबरच ताठली, तर सद्गुण-दुर्गुण सगळे बाजूला. बायको बामची बाटली आणून देते.

आमच्या ले-आउटमध्ये बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसीअर राहतात. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला. ते म्हणाले, “तुम्ही कॉमर्सवाले जमा आणि नावे एकाच खात्यात टाकता. ताठपणा निराळा, मजबुती निराळी. वाकवायला जोर किती लागतो, तो ताठपणा. मोडायला किती लागतो, ती मजबुती. काच आणि अ‍ॅल्युमिनियम ताठपणात जवळपास सारखे. पण अ‍ॅल्युमिनियमचं ताट पडलं तर पोचा येतो, काचेची बशी पडली तर केरसुणी येते.” पोलाद या दोघांच्या जवळजवळ तिप्पट ताठ, तरी एस.टी.चे पाटे पोलादाचेच करतात, कारण खड्ड्यात ते वाकतात आणि खड्डा सरला की जागेवर येतात. “न वाकणारा पूल मी बांधला नाही,” ओव्हरसीअर म्हणाले. “पूल वाकतो. तुम्हाला दिसत नाही इतकंच.”

म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही प्रतिज्ञा नसून वस्तूतला दोष आहे. त्याला ठिसूळपणा म्हणतात.

दुसरा प्रकार उसन्या ताठपणाचा. आमचा जिल्हा कापसाचा. बोंडातून निघालेला कापूस इतका मऊ, की त्याच्यापुढे कुणाशी उद्धट बोलवत नाही. त्याचं सूत होतं, कापड होतं, त्याला तांदळाची खळ लागते, वर इस्त्री फिरते आणि मग तोच कापूस एखाद्या पुढाऱ्याच्या अंगावर पत्र्यासारखा उभा राहतो. त्या कडक कपड्यातल्या माणसाचा आपल्याला धाक वाटतो. खरं म्हणजे तो धाक तांदळाचा असतो. पावसाची एक सर आली की ताठा गटारात आणि कापूस पुन्हा मऊ. त्याच कापसाच्या कागदावर आपल्या नोटा छापतात. करकरीत नोट सगळ्यांनाच आवडते. पण लुगड्याच्या गाठीत चार महिने चुरगळलेली शंभराची नोटही शंभरालाच चालते. खळ नसलेल्या माणसाला मात्र आपण ही सवलत देत नाही.

आता कडक साहेब. हा प्राणी अभ्यासण्यासारखा आहे. त्याचा ताठपणा सर्व दिशांना सारखा नसतो. तालुक्याच्या शेतकऱ्यापुढे तो सागवानाचा सोट. तपासणी अधिकारी आला की वेताची छडी. आणि वरून फोन आला की नुसती ओली सुतळी. खुर्चीत बसल्या बसल्या माणूस इतका वाकू शकतो, हे योगशास्त्रालाही अवगत नसेल.

एका बँकेत एक म्हातारा पैसे काढायला आला. स्लिपवरची सही जुन्या नमुन्याशी जुळेना. कडक साहेबांनी स्लिप परत सरकवली. म्हाताऱ्यानं हात पुढं केला. आयुष्यभर वखर धरून बोटांनी वखराच्या मुठीचाच आकार घेतला होता. म्हणाला, “साहेब, बोटं आखडले आता. सही पयल्यावानी कशी होईन?” साहेब म्हणाले, “नियम म्हणजे नियम.” दोन ताठपणा समोरासमोर होते. एक कष्टानं आलेला, दुसरा खुर्चीनं. आपण मान दिला तो दुसऱ्याला.

आता तुम्ही म्हणाल, नियम वाकवला तर बँक बुडेल. मुळीच नाही! नियम वाचून पाहा. वृद्ध किंवा आजारी खातेदाराला सही करता येत नसेल, तर अंगठा चालतो. हाताचा जमत नसेल तर पायाचाही चालतो. दोन साक्षीदार हवेत, त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. म्हणजे नियम पायाच्या अंगठ्यापर्यंत वाकायला तयार आहे; आखडलेला असतो तो नियम सांगणारा.

काही नियम मात्र जन्मतःच काचेचे असतात. 2008 सालची कर्जमाफी आठवा. 2 हेक्टरपर्यंत जमीन असेल तर थकलेलं पीककर्ज पूर्ण माफ. वर गेलात, की आमच्यासारख्या जिल्ह्यात 25 टक्के किंवा 20 हजार, जे जास्त असेल ते, आणि उरलेलं तुम्ही आधी भरायचं. फूटपट्टी सरळ होती, ताठ होती आणि सगळ्या देशाला एकच होती. पण पाण्याखालचे पाच एकर आणि आभाळाकडे बघणारे सात एकर यांत श्रीमंत कोण, हे फूटपट्टीला कळत नाही. कोरडवाहू सात एकरांचा धनी तिच्या लेखी ‘मोठा शेतकरी’ ठरला. घरी तुरीची डाळ मोजून शिजत होती.

म्हणून म्हणतो, हे वाक्य इथे तरी भिंतीवर लावू नका. या जिल्ह्यानं मोडलेली माणसं फार पाहिली आहेत. विनोदी लेखात त्यांचा हिशेब मांडायचा नसतो. एवढंच सांगतो, की ज्याच्यावर ओझं आहे त्याला ‘मोड, पण वाकू नकोस’ असा सल्ला देणारा बहुधा ओझ्यावर बसलेला असतो.

मग लाचार व्हायचं का? नाही. तुकोबांनी लव्हाळ्याची शिफारस केली ती पुरापुरती. पूर ओसरल्यावर लव्हाळं उभं राहतं, हे आपण विसरतो. आणि उदाहरण हवं तर घरचंच आहे. वणीचे बापूजी अणे. जुलै 1930 मध्ये पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून त्यांनी कायदा मोडला आणि तुरुंगात गेले. आता गवत कापायचं म्हणजे वाकावंच लागतं; ताठ उभं राहून विळा चालत नाही! पुढे 1941 साली काँग्रेस बाहेर असताना हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. तेव्हा ते वाकल्यासारखे दिसले असतील. पण फेब्रुवारी 1943 मध्ये कैदेतल्या गांधीजींचं उपोषण सुरू झालं, सरकार त्यांना सोडेना, तेव्हा राजीनामा देऊन बाहेर पडले. मंडळाची खुर्ची काही बाजेसारखी नव्हती, पण ती सोडून सरळ होता आलं. ओव्हरसीअर याला पोलाद म्हणतील.

एक अट मात्र ओव्हरसीअरांनी जाता जाता सांगितली : पोलादही सरळ होतं ते भार काढल्यावर, भार वाढवतच गेलात तर तेही वाकडंच राहतं. तेव्हा आधी वाकायचं ते शिक्का हातात असलेल्यानं. आणि यापुढे कुणी छाती काढून म्हणाला, ‘मी कुणापुढे वाकत नाही,’ तर त्याला एवढंच विचारा : “बरं. पण तुमच्यापुढे किती जण वाकून उभे आहेत?”